एक थाप माफ

ऑगस्ट उजाडला की विजयदुर्गाचे फोटो फिरायला लागतात. वाघोटणची खाडी, काळा बुरूज, वर भरून आलेलं आभाळ आणि खाली एक ठरलेली ओळ : याच किल्ल्यावरून १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर यांनी हेलियमचा शोध लावला. दोन दिवसांत दुसरी फळी उतरते. सगळी थाप आहे, लॉकियर तेव्हा भारतात नव्हतेच, कोकणातल्या लोकांनी उगाच टिमकी वाजवू नये. मग येतात जुन्या विज्ञानकथांचे चाहते. त्यांचा सूर हळवा असतो : आमची पिढी नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे वाचून घडली, आताच्या पोरांच्या वाट्याला विज्ञान म्हणून असले चुटके येतात. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले तेव्हापासून हा सूर जास्तच ऐकू येतो.

तिन्ही बाजू चुकीच्या मुद्द्यावर भांडतायत. बातमी चटकदार आहे की गंभीर, जुनी आहे की नवी, याने काहीच ठरत नाही. वाचणाऱ्याच्या हातात ती पडताळायचं साधन येतं का, एवढंच बघायचं. विज्ञानकथेची एक जुनी शिस्त आहे. लेखकाला एक थाप माफ, पण एकच, आणि तिची किंमत पुढच्या प्रत्येक पानावर चुकती करायची. चटकदार विज्ञानवार्तेला तीसुद्धा सवलत नाही. आपल्याकडे मात्र कथेला जो हिशेब लावतो तेवढाही बातमीला कोणी लावत नाही.

विजयदुर्गापासूनच सुरुवात करू, कारण इथे दोन्ही फळ्या अर्ध्याअर्ध्या बरोबर आहेत. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाचा खग्रास पट्टा विजयदुर्गावरून गेला, हे खरं. पश्चिम किनाऱ्यावर शिरून तो विजापूर, जमखंडीवरून पूर्वेला गुंटूर, मछलीपट्टणमकडे गेला. ग्रहण पाहायला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते, मेजर टेनंटही तिथेच; पॉगसन मछलीपट्टणमला आणि लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटात, म्हणजे प्रकाश फाकवून मिळणाऱ्या रंगपट्ट्यात, तेजस्वी रेषा दिसल्या, त्यांत एक पिवळी होती. इंग्रज खगोल-अभ्यासक लॉकियर या वेळी इंग्लंडात होते, युद्धखात्यात कारकुनी करत. २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण नसताना, भर दिवसा, त्यांनी वर्णपटमापकाची फट सूर्याच्या कडेला नेमकी लावून त्याच रेषा पाहिल्या. जान्सेन यांनी ही युक्ती गुंटूरला ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी साधली होती. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच बैठकीपुढे आली. म्हणजे 'लॉकियर तेव्हा नव्हतेच' म्हणणारे जिंकले?

जिंकले, पण तिथेच थांबले, आणि थांबले म्हणून हरले. कारण लॉकियर विजयदुर्गाला आले होते. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला, तीस वर्षांनी. ब्रिटिश आरमाराची 'मेल्पोमिनी' ही युद्धनौका सोबत होती. तिच्यावरचे अधिकारी आणि खलाशी हाताशी धरून, त्यांच्याकडून कवायतीसारख्या तालमी करून घेऊन, त्यांनी इथे दुर्बिणी आणि कॅमेरे मांडले. त्या कामाचा अहवाल पुढे रॉयल सोसायटीने छापला. त्यात गावाचं नाव 'विझियाद्रुग' असं इंग्रजी वळणाने येतं. किल्ल्यावरच्या ज्या ओट्यांना लोक 'साहेबाचे ओटे' म्हणतात त्यांचा मेळ या मुक्कामाशी बसतो. साहेब खरा, ओटे खरे, ग्रहण खरं. तीस वर्षं तेवढी गहाळ झाली.

या गहाळ झालेल्या तीस वर्षांत काय घडलं ते पाहिलं की खरी गोष्ट थापेपेक्षा सरस वाटते. ती पिवळी रेषा अनेकांनी सोडियमची धरली होती. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा ५८९.६ आणि ५८९.० नॅनोमीटरवर असतात. नवी रेषा ५८७.६ वर होती. फरक १.४ नॅनोमीटरचा. एवढ्यावर लॉकियर अडून बसले की ही सोडियमची नव्हे, पृथ्वीवर कोणाला माहीत नसलेल्या मूलद्रव्याची आहे. रसायनशास्त्रज्ञांनी नकारार्थी मान हलवली. मूलद्रव्य हातात नाही, बाटलीत नाही, आणि याने नाव ठेवलं! तेही धातूला शोभणारं, शेवटी 'इयम' लावून, निघाला वायू. (नाव चुकलं ते चुकलं, आजतागायत कोणी दुरुस्त केलेलं नाही.) १८९५ मध्ये विल्यम रॅमझे यांनी क्लेव्हाइट या युरेनियमच्या खनिजातून वायू काढला, त्याचा वर्णपट पाहिला आणि तीच रेषा सापडली. सव्वीस-सत्तावीस वर्षं ज्याची टिंगल झाली तो माणूस बरोबर ठरला, आणि त्यानंतर तीनच वर्षांनी तो विजयदुर्गाच्या तटावर उभा राहून त्याच सूर्याच्या कडेचे फोटो काढत होता. असं कथानक एखाद्या विज्ञानकथाकाराला सुचलं असतं तर त्याने सोडलं असतं का?

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा की तारीख चुकली तर बिघडलं काय? पोरं गडावर तर जातात, हेलियम हा शब्द तर ऐकतात. शाळा १८ ऑगस्टला तिथे कार्यक्रम करतात, भाषणं होतात, गावाला आपल्या मातीचा अभिमान वाटतो. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. देवगड तालुक्यातल्या मुलाला सूर्यावरचं मूलद्रव्य आणि आपला किल्ला एका वाक्यात भेटतात, ही लहान गोष्ट नव्हे. पण त्या वाक्यातून मुलाला मिळतं काय? 'साहेबाने इथून पाहिलं आणि शोध लागला.' जणू हेलियम किल्ल्यावरून दिसतो, गलबत दिसावं तसा. कसं पाहिलं, पिवळी रेषा म्हणजे काय, ती सोडियमची नाही हे कशावरून, हा सगळा माल गाळून फक्त बिल्ला हातात दिला जातो. अभिमान चालेल. पण ज्याचा अभिमान बाळगायचा ती गोष्टच पाकिटात नाही.

आणि ती देणं अवघड नाही. कोरी लिहिता येणारी डीव्हीडी घ्यावी, पात्याने कडेला फट पाडून तिचे दोन थर वेगळे करावेत आणि पारदर्शक थरावरचा जांभळा रंग स्पिरिटने पुसावा. तिच्यावर ०.७४ मायक्रॉनच्या अंतराने आटे असतात, मिलिमीटरला सुमारे १३५०. बाहेरच्या कडेचा चौकोनी तुकडा कापावा, कारण तिथे आटे जास्त सरळ असतात. काळ्या कागदाची वीस सेंटिमीटर लांब नळी करावी. एका टोकाला दाढीच्या ब्लेडचे दोन तुकडे समोरासमोर चिकटवून फट ठेवावी. फटीची रुंदी ०.२ मिलिमीटर हवी. झेरॉक्सच्या कागदाचे दोन पदर मध्ये धरून ब्लेड चिकटवले की तेवढी मिळते. दुसऱ्या टोकाला डीव्हीडीचा तुकडा, आटे फटीला समांतर ठेवून. पिवळा प्रकाश सरळ रेषेपासून सुमारे ५३ अंशांनी वळतो, म्हणून डोळा सरळ न लावता तिरपा लावायचा. बहुतेकांचं इथेच फसतं : सरळ बघतात आणि काही दिसत नाही म्हणून नळी टाकून देतात. दुसरी चूक फटीची. ती एक मिलिमीटर ठेवली तर प्रत्येक रेषा दोन नॅनोमीटरहून जास्त फुगते आणि १.४ चा फरक त्यात बुडून जातो. पारख करायला जुना सीएफएल दिवा बरा. त्यातल्या पाऱ्याच्या दोन पिवळ्या रेषा ५७७ आणि ५७९ वर असतात. त्या सुट्या दिसल्या तर नळी लॉकियर यांच्या भांडणाच्या जवळपास पोचली. मग स्पिरिटच्या दिव्यात मिठाच्या पाण्यात बुडवलेली तार धरायची, सोडियमची पिवळी रेषा उमटते. दिवसा नळी निरभ्र आभाळाकडे (सूर्याकडे कधीही नाही) धरली तर त्याच जागी बारीक काळी रेषा दिसते. हेलियमची रेषा मात्र साध्या सूर्यप्रकाशात अशी काळी दिसत नाही. ती दिसते सूर्याच्या कडेवर, आणि तीही उजळ. हे मुलाला कळलं की ग्रहणाच्या मागे साहेब जहाजं घेऊन का धावत होते ते कोणी सांगायला लागत नाही.

आता हळव्या फळीकडे वळू. जुन्या विज्ञानकथेने पिढी घडवली हे मान्य करावं लागतं. मराठी विज्ञान परिषद १९६६ ला उभी राहिली, तिने विज्ञानकथास्पर्धा घेतल्या, दिवाळी अंकांनी या कथांना जागा दिली. कृष्णविवर हा शब्द पुष्कळांनी पाठ्यपुस्तकाआधी कथेत वाचला. पण आठवणींचा मेवा खाताना एक गोष्ट सोयीने विसरली जाते. त्याच वाचकाच्या पुस्तकांच्या त्याच कपाटात उडत्या तबकड्या, बर्म्युडा त्रिकोण आणि डॅनिकेन यांचे परग्रहावरून आलेले देवही होते, आणि घरात ते तितक्याच भक्तीने वाचले जात. त्या पिढीने गहू आणि खडे एकाच सुपात ठेवले होते. पाखडायचं काम फार थोड्यांनी केलं. आज कोकणातल्या कातळशिल्पांच्या (उघड्या खडकावर कोरलेल्या जुन्या चित्रांच्या) फोटोंखाली 'एलियन्सनी काढलं' असं लिहिणारा शाळकरी पोरगा नसतो, बहुधा चांगला पन्नाशीचा गृहस्थ असतो.

आणि नारळीकरांचंच नाव घ्यायचं तर नीट घ्यावं. १९७४ मध्ये त्यांनी परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने; स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात गेली. परीक्षकांना नाव दिसू नये, फक्त कथा दिसावी, एवढाच हेतू. पुढे त्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली तीही याच धर्तीवर : दोनशे मुलांच्या कुंडल्या, निम्मी मुलं हुशार, निम्मी मतिमंद, आणि कोणती कुंडली कोणाची हे ज्योतिषांपासून झाकलेलं. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस कुंडल्या तपासून उत्तरं दिली, त्यांतली बरोबर निघाली सुमारे ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. ज्या माणसाने आयुष्यभर नाव झाकून पारख करायला शिकवलं, त्याचं नाव दाखवून आपण वाद जिंकू पाहतो, हे जरा विचित्रच नाही का?

हळव्या फळीचा दुसरा आवडता डाव म्हणजे भाकितं मोजणं. ज्यूल व्हर्नने चांद्रयान आधीच सांगितलं! फ्लोरिडा सांगितलं, तीन प्रवासी सांगितले! सांगितलं खरं, १८६५ च्या कादंबरीत. पण त्याने यान तोफेतून उडवलं, आणि तोफ होती ९०० फुटांची. तेवढ्या लांबीत सेकंदाला ११.२ किलोमीटरचा वेग गाठायचा तर त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २३ हजार पट होतं. साठ किलोच्या माणसाचं वजन क्षणभर चौदा लाख किलो. चंद्र दूरच, तोफेचं तोंड सुटण्याआधी प्रवाशांचा लगदा. व्हर्नलाही हे खुपत असावं. त्याने यानाच्या तळाशी धक्का झेलायला पाण्याचे थर घातले. म्हणूनच तो मोठा. त्याची थाप एक, प्रवासी तोफेतून जिवंत सुटले ही. बाकी वेग, दिशा, अंतर सगळं त्याने प्रामाणिकपणे मांडलं. त्याच्या बरोबर आलेल्या गोष्टी मोजून चुकलेल्या सोडून देणं आणि १८९८ चा साहेब १८६८ मध्ये बसवणं, ही एकच सवय आहे.

नेमक्या आकड्यांनीही फसू नये, हे याच ओघात सांगायला हवं. ऑगस्ट १८३५ मध्ये न्यूयॉर्कच्या 'सन' या वर्तमानपत्राने छापलं की इंग्रज खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांना चंद्रावर वटवाघळासारखे पंख असलेली माणसं दिसली. दुर्बिणीचं भिंग २४ फूट व्यासाचं, वजन अमुक, वर्धनशक्ती तमुक. सगळे आकडे चोख, सगळी बातमी बनावट. लोकांनी डोक्यावर घेतली. हर्शेल खरोखरच तेव्हा आफ्रिकेच्या टोकाला दुर्बीण लावून बसले होते, तेवढा एक खरा धागा पुरला. आणि तेहतीस वर्षांनी जमखंडीला ग्रहणाची रेषा पाहणारे लेफ्टनंट हर्शेल हे त्यांचेच चिरंजीव. बापाच्या नावावर थाप, मुलाच्या डोळ्यापुढे खरी रेषा. 'सन'च्या आकड्यांपुढे वाचकाला मान डोलावण्यापलीकडे काम नव्हतं. डीव्हीडीच्या आकड्यांचं तसं नाही, ते चुकीचे असतील तर नळी ते पाच मिनिटांत उघडं पाडते.

हीच कसोटी कोकणातल्या दुसऱ्या लाडक्या बातमीला लावू. राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे येथे सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, कोरलेली मनुष्याकृती आहे आणि तिच्यापाशी होकायंत्राची सुई भरकटते. कोकणातली ही कातळशिल्पं सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं सडे पायाखाली घालून नोंदवली; २०२२ मध्ये नऊ स्थळं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यांत बारसू, कशेळी, उक्षी यांच्याबरोबर देवाचे गोठणेही आहे. सुई फिरते ही वस्तुस्थिती. बातमी मात्र तिथून थेट 'प्राचीन मानवाला चुंबकशास्त्र माहीत होतं' किंवा त्याहून थेट परग्रहावर जाते. आजीच्या पिढीने जे जे कोरलेलं दिसलं ते पांडवांच्या नावावर टाकलं, नातवाने ते अंतराळवीरांच्या नावावर टाकलं. मधली पायरी दोघांनीही चढली नाही.

मधली पायरी म्हणजे कोरा कातळ. या सड्यांच्या तांबड्या दगडात, जांभ्यात, लोहाची ऑक्साइडं भरपूर असतात, त्यांतली काही चांगली चुंबकीय. उघड्या सड्यावर वीज पडली की हजारो ॲम्पिअरचा प्रवाह क्षणात दगडातून जातो आणि भोवतालचा थोडा भाग कायमचा चुंबकित करून ठेवतो. जगभरच्या उघड्या खडकांवर हे आढळतं. गोठण्यात हेच झालं असेल तर ते तपासता येतं. मोबाइलमधलं होकायंत्र वापरू नये, कव्हरमधलं चुंबक आणि आपोआप होणारं कॅलिब्रेशन दोन्ही गोंधळ घालतात. तेलात तरंगणाऱ्या सुईचं साधं यंत्र घ्यावं. हातातलं कडं, किल्ल्या, पट्ट्याचं बक्कल दूर ठेवावं. आकृतीवर पाय न देता बाजूने दोरी ताणावी, दर २५ सेंटिमीटरला खूण करावी, प्रत्येक खुणेवर लांबच्या एकाच झाडाची दिशा मोजावी. एकदा यंत्र कातळाजवळ धरून, एकदा खिळे नसलेल्या लाकडी स्टुलावर मीटरभर उंच ठेवून. चुंबकत्वाचं मूळ वरच्या थरातच असेल तर उंचीवर विचलन झपाट्याने उतरतं. आणि मग, हे फार महत्त्वाचं, पन्नास पावलं दूर जाऊन जिथे काहीच कोरलेलं नाही अशा चार-पाच जागी हेच सगळं पुन्हा करावं. कोऱ्या कातळावरही सुई कुठेकुठे फिरली तर आकृतीचा आणि चुंबकाचा संबंध योगायोगाचा. फक्त आकृतीपाशीच फिरली, आणि अशी अनेक स्थळं निघाली, तर मामला खरंच गूढ, मग पुढचं बोलू. व्हिडिओत मात्र सुई एकाच जागी फिरताना दिसते, कोरा कातळ कधीच दिसत नाही.

चमकणाऱ्या लाटांचं एवढं लांबवायला नको. नॉक्टिल्युका हा समुद्रातला सूक्ष्म जीव ढवळला गेला की क्षणभर निळसर चमकतो; रापणीच्या दोरावर तो उजेड कोकणातल्या माणसाला नवा नाही. फोटोतला झगझगीत निळा मात्र कॅमेऱ्याच्या काही सेकंदांच्या एक्सपोजरचा असतो, अंधारात डोळ्याला फिकटच दिसतं. बादलीभर पाणी आणून काळोखात हात फिरवला की कळतं.

चटकदार बातमी सरळ असू शकते याचा दाखलाही किनाऱ्यावरच आहे. मार्च २०२१ मध्ये ओडिशात पंखाला धातूची पट्टी लावलेली एक ऑलिव्ह रिडले कासवीण जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आली. बातमी आली ती पट्टीवरच्या क्रमांकासकट, ०३२३३. साडेतीन हजार किलोमीटरचा प्रवास म्हणजे विज्ञानकथेला साजेसा, पण कोणालाही नुसतं 'विश्वास ठेवा' म्हणावं लागलं नाही. क्रमांक जुळतो की नाही, विषय संपला. अंतर तेवढं अंदाजाचं, कारण ती कोणत्या वाटेने आली हे पट्टी सांगत नाही. चांगल्या बातम्यांनी तसा अंदाज म्हटलंही.

कोणी म्हणेल, एवढी चिकित्सा केली तर मजा जाईल. गोष्ट रंगात आलेली असताना मध्येच फूटपट्टी काढणारा पाहुणा कोणाला आवडतो? खरं आहे, आणि पडताळणीच्या नावाखाली नुसते हिणवणारे लोकही आहेत. 'लॉकियर नव्हतेच' म्हणून पाठ फिरवणारे त्यांतलेच. त्यांनी थाप पाडली आणि तिच्याखालची खरी गोष्ट उचलायचं विसरले. त्यामुळे गावकऱ्याला वाटतं, आपल्याकडून काहीतरी हिरावून घेतलं. हिरावलं काहीच नाही. १८६८ च्या बदल्यात १८९८ मिळतं : लॉकियर सदेह विजयदुर्गाला, आरमाराचे खलाशी कॅमेऱ्याच्या काचा बदलतायत, आणि त्याच दिवशी त्याच सावलीत जेऊरला पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ कावसजी नायगमवाला आपली दुर्बीण लावून बसलेत. एवढा ऐवज सोडून चुकीच्या तारखेचा हट्ट कशाला?

व्यवहाराचीही एक बाजू आहे. हेलियमचा दिवस २२ जानेवारीला पाळला तर किल्ल्यावर आभाळ स्वच्छ मिळतं, डीव्हीडीच्या नळ्यांतून काळी रेषा दिसते, मिठाची तार पेटवायला वाराही बेताचा असतो. ऑगस्टात मुलं छत्र्या सांभाळत चिखलातून वर चढतात, भाषण ऐकतात आणि ज्या सूर्याबद्दल ते भाषण असतं तो न बघताच खाली उतरतात.